वाफेतली संगीत मंडळी

अकराव्या वर्षी बाईंचा घसा बसला, तो पुन्हा उठलाच नाही. तेव्हा त्या अर्थातच बाई नव्हत्या, घरातलं शेंडेफळ होत्या. महिनाभर ताप होता. गळ्याला ऊन फडकं गुंडाळून पोर खिडकीशी पडून असायची. ताप गेला तो जाताना आवाजही घेऊन गेला. मागे राहिली नुसती खरखर, दूरच्या खोलीत कुणी स्टूल सरकवावं तशी.

वडील पियानो दुरुस्त करायचे. त्यांनी लेकीला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "गाता नाही आलं तर ऐकायला काय हरकत आहे? गाणारे पैशाला पासरी मिळतात. ऐकणारे शोधावे लागतात."

मग ती ऐकायला लागली. कुठली तार केसभर ढिली राहिलीय ते शेजारच्या खोलीतून सांगायची. सूर कागदावर मांडायलाही वडिलांकडेच शिकली. पण वडील गेले, मागोमाग दुकानही गेलं, आणि विसाव्या वर्षी ती गावातल्या मोठ्या धुलाईखान्यात कामाला लागली.

तिथे सकाळपासून वाफ. माणूस दिसायच्या आधी त्याचा आवाज यायचा. दोऱ्यांवर चादरींच्या रांगा, निळीची पिंपं, खळीचा आंबूस वास, आणि इस्त्रीच्या टेबलांशी दहा-बारा बायका. हात चालता राहावा म्हणून त्या गायच्या. त्यांची मुकादमीण चांगली आडव्या बांध्याची होती. तिला सगळे मावशी म्हणत. मावशींचा आवाज पाण्याच्या टाकीत घुमला की वाफसुद्धा थबकल्यासारखी वाटे.

जेवणाच्या सुट्टीत बाई वाळलेल्या, अजून उबदार चादरींच्या ढिगावर पाठ टेकायच्या. तिथे अर्धवट झोपेत त्यांना एक गाव दिसायचं. त्या गावात कुणी बोलतच नसे. मीठ मागायचं तर गाऊन, भांडायचं तर गाऊन, दार लावून घ्यायचं तेही गाऊन. जाग आली तरी गाव विरायचं नाही. वाफेत आणखी थोडा वेळ तरंगत राहायचं.

एका दुपारी त्यांनी मावशींना गाठलं. "मावशी, मी नाटक लिहितेय. त्यात कुणीच बोलत नाही."

"मुक्यांचं आहे का गं?"

"नाही हो. सगळं गातात. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"ऑपेरा म्हणतात तो? अगं, ते रिकामटेकड्यांचं काम. त्यांना कुठे चादरी पिळायच्या असतात!"

"आपण पिळता पिळता करू."

मावशींनी इस्त्री उभी केली आणि त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "घशाचा पत्ता नाही, आणि निघाली गाण्याची कंपनी काढायला! बरं, माझं काम मोठं आहे ना?"

अशी मंडळी उभी राहिली. कोटाच्या खिशात परक्याची चिठ्ठी सापडते आणि धोबीण तिचा मालक शोधत गावभर फिरते, एवढीच गोष्ट. पडदे म्हणून चादरी. मोडका पियानो बाई स्वतः वाजवणार. एका रविवारी दुपारी धुलाईखान्यातच बाकं मांडली. निम्मा गाव आला. त्यातले निम्मे फजिती बघायला आले होते.

मावशी पिंपाशी आल्या आणि गायल्या, "पाणी तापलं का? सांगा ना, पाणी तापलं का?" चार ओळी तेच. मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "अगं तापलं असेल की! बघ ना हात घालून!"

जो हशा पिकला! बाईंची बोटं पट्ट्यांवर गारठली. सगळं मुसळ केरात, असं त्यांना वाटलं. मावशींनी मात्र कमरेवर हात ठेवले, त्या बाकाकडे वळल्या आणि त्याच चालीत गायल्या, "बघते रे बाबा, जरा दम धर!"

टाळ्या पडल्या. मग हळूहळू शांत झालं. दुसऱ्या अंकात वाऱ्याने चादरी हलल्या आणि मावशी त्यांच्यामधून चिठ्ठी हातात धरून चालत गेल्या. तेव्हा तो ओरडणारा माणूस तोंड उघडं टाकून बघत होता. मावशींच्या त्या 'जरा दम धर'ला बाईंनी वहीत कायमची जागा दिली.

प्रयोग संपल्यावर एक हडकुळा घड्याळजी टोपी चाचपत पुढे आला. "दुसरा अंक चार सेकंद लांबला," तो म्हणाला.

"मावशींनी मध्ये श्वास घेतला."

"छान घेतला. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही हो. वेळ तेवढी कळते."

त्याच वर्षी बाईंनी त्याच्याशी लग्न केलं. पुढे एकतीस वर्षं तो विंगेत लाकडी काठीने ताल देत उभा राहिला. चौदा ऑपेरे झाले. धुलाईखाना बंद पडला तशी मंडळी एका जुन्या शाळेच्या सभागृहात गेली. तिथे वाफ नव्हती, म्हणून बाई पहिले काही महिने डोळे मिटूनच तालीम घ्यायच्या.

एकदा चहा ओतता ओतता घड्याळजीने विचारलं, "तू चाल बांधतेस तेव्हा कुणाच्या आवाजात ऐकू येते गं?"

बाईंनी कप जवळ ओढला. "माझ्याच. आजारपणाच्या आधीच्या."

"मावशींच्या नाही?"

"मावशींना सांगू नका हं."

सत्तरी गाठल्यावर मावशी गेल्या. गायच्या ते अखेरपर्यंत. त्यानंतर बाईंनी नवं काही लिहिलं नाही. मंडळी मावशींच्या सुनेने हातात घेतली. तिने पहिलंच नाटक पुन्हा लावलं, मावशींचं काम स्वतः घेतलं. इतक्या वर्षांत बाई प्रथमच प्रेक्षकांत बसल्या. मांडीवर हात, समोर पियानो नाही.

दुसऱ्या अंकातलं चिठ्ठीचं गाणं आलं आणि बाई चपापल्या. चढायचा तिथे सूर चढलाच नाही, खालीच थांबला, आणि कुणी उंबऱ्यावर घटकाभर टेकावं तसा टेकला.

प्रयोगानंतर त्या वही घेऊन आत गेल्या. "सूनबाई, ध चा मा केलात की! आणि तोही खराखुरा!"

सून ओशाळली. "चुकलं का बाई? पण सासूबाई तसंच गायच्या. पहिल्यापासून. वरचा ध त्यांना पेलायचा नाही, म्हणून त्या मा वर थांबायच्या. तुम्ही कधी काही बोलला नाहीत. मला वाटलं, चालच तशी आहे."

बाई खुर्चीत बसल्या. एकतीस वर्षं चार हातांवरून त्यांनी मावशींना ऐकलं होतं, आणि त्यांच्या कानात मात्र आजारपणाआधीची ती पोर वरचा ध लावत राहिली होती. त्यांनी घड्याळजीकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला सूर कुठे कळतात?" तो म्हणाला. "पण त्या तिथे जरा जास्त थांबायच्या खऱ्या. मी काठी थोपवून धरायचो."

बाईंनी पेन्सिल मागितली. रबराने जुना ध खोडला. कागद जुना, जरासा फाटलाच. त्याच्या कडेला त्यांनी मा लिहिला आणि सुनेला म्हणाल्या, "पुन्हा एकदा गा बरं. सावकाश. मला ऐकायचंय."