एका जर्मन शब्दाचा सत्कार

सांगवीच्या जोतीराम मारकडांनी संस्कृत घेऊन बी.ए. केले आणि लोणी देवकरच्या एका कारखान्यात हंगामी कारकून होऊन पदवीचे सार्थक केले. १९९८ साली मालकांनी लोखंड कातायचे एक जुने जर्मन लेथ विकत घेतले. सोबत चार पानांच्या जर्मन सूचना आल्या. कोश उघडून जर्मन लावू शकणारे कारखान्यात हेच एक.

“सोमवारपर्यंत मराठी करा, कायमचं पत्र देतो,” मॅनेजर म्हणाले.

सहा वर्षे हंगामी राहिलेल्या माणसाला आणखी काय हवे? जोतीरामांना, दुर्दैवाने, व्युत्पत्तीही हवी होती.

पहिल्याच ओळीत ‘फुटर’ आले. अर्थ तीन: जनावरांचा चारा, कोटाचे अस्तर आणि लेथवर लोखंड पकडून ठेवणारा चक. एखादा सामान्य माणूस ‘चक’ लिहून पुढे गेला असता. पण चारा एका मुळातला, अस्तर दुसऱ्या मुळातले, आणि दोन्ही शब्द वाटेत एकरूप झालेले! शिवाय अस्तराचे नाते थेट संस्कृत ‘पात्रा’शी! चार पिढ्या मेंढरांमागे हिंडलेल्या मारकडांच्या घराला चाऱ्याच्या शेजारी एवढा कुलीन सोयरा प्रथमच भेटत होता. सोमवारी जोतीरामांनी सोळा पाने नेली. सगळी त्या एका शब्दावर.

“भाऊसाहेब, चक बसवायचा कसा, ते कुठं हाय?” लेथ चालवणाऱ्या टर्नर गेणूने विचारले.

“ते दुसऱ्या ओळीत येईल.”

“येऊ द्या सावकाश. म्या कालच बसवलाय. फिरतोय झ्याक.”

मॅनेजरांनी सोळा पाने चाळली. त्यांना एक अक्षर कळले नाही, त्यामुळे ते भारावून गेले. आपल्याकडे न कळलेल्या विद्वत्तेवर उपाय ठरलेला आहे. खंडेनवमीला यंत्रपूजेनंतर जोतीरामांना फेटा, शाल, श्रीफळ आणि एक पाकीट मिळाले. त्यांनी टाळ्या संपण्याआधीच पाकीट उघडले. आत मानपत्र होते.

“साहेब, कायमचं पत्र?” त्यांनी हळूच विचारले.

“अहो मारकड, तुमच्यासारख्या विद्वानाला कारकुनीत कायमचं अडकवायचं पाप मी कुठं फेडू? आणि यंत्र तर चालू झालंच की.”

घरी पत्नी म्हाळसाने मानपत्र उलटेपालटे करून पाहिले.

“म्हंजी हंगामीच?”

“हो.”

तिने मानपत्र फळीवर ठेवले आणि त्यांच्या डोक्याकडे पाहिले.

“फेटा मातूर शोभतोय हां,” ती म्हणाली आणि ताट वाढायला उठली.