‘देऊ नये’चा रकाना

सिस्टरबाईंनी “लस द्यायची का?” असे कोणत्याही आईला कधी विचारले नाही. त्या विचारत, “लेकराला कोन धरतंय?” आई पुढे सरकली तर आईच्या मांडीवर, आजी सरकली तर आजीच्या मांडीवर त्या बाळाला टोचत. कोणीच सरकले नाही तर उंबऱ्यावर बसकण मारत आणि म्हणत, “बोला अव्वा, भ्या कशाचं वाटून राहिलं? मला घाई न्हाई.” म्हाताऱ्या बायकांना ‘अव्वा’ म्हणण्याची सवय त्यांनी आपल्या उदगीरकडून आणली होती. भोकर तालुक्यातल्या आमच्या गावाने ती हसत हसत स्वीकारली.

टोचून झाल्यावर त्या चार गोष्टी सांगत आणि त्यांचा क्रम कधी चुकवत नसत. लस कोणती दिली, ताप आला तर काय करायचे, पुन्हा केव्हा यायचे, आणि कार्ड जपून ठेवायचे. नंतर तेच आईकडून वदवून घेत. मी गावातल्या शाळेचा मुख्याध्यापक. उजळणी घेण्याची ही पद्धत मला मनापासून पटे. लशीच्या निळ्या डब्यावर एकदा आमचे सरपंच टेकले. बाई म्हणाल्या, “उठा भाऊ, ते स्टूल न्हाई. गावची लेकरं हायेत त्यात.” सरपंच उठले आणि पुढचा तासभर उभेच राहिले.

बाई रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. ऐकणाऱ्याला पुढे वाकावे लागे. मला तसे वाकावे लागले ते गोवर-रुबेलाच्या मोहिमेच्या वेळी.

ही लस शाळेतच दिली जाणार होती. त्याच आठवड्यात गावातल्या मोबाइलवर एक ध्वनिफीत फिरू लागली. या लशीने मुले पुढे निपुत्रिक होतात, असे त्यात कोणी अनोळखी माणूस ठासून सांगत होता. पालक शाळेत येऊ लागले. मी कागदावर विश्वास ठेवणारा माणूस. कोणी सांगितले नसताना मी एक संमतीपत्र तयार केले. त्यात सारख्या मापाचे दोन रकाने आखले, ‘माझ्या पाल्यास लस द्यावी’ आणि ‘देऊ नये’. समास सोडला, सहीसाठी रेघ मारली आणि घरोघर पाठवले. माझ्या समजुतीप्रमाणे मी निःपक्षपाती वागलो होतो.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला.

“गुरुजी, हा दुसरा रकाना कुनी मागितलता?”

“पालकांचा हक्क आहे, बाई. त्यांचे मूल आहे.”

“हाव, हक्क हाय. मी कुनाचं लेकरू हिसकून टोचलंय का कधी? पन मी दारात बसते, त्यांचं भ्या ऐकते, माझं सांगते. मग ते ठरवतेत. तुम्ही निस्ता कागद धाडला. ‘देऊ नये’च्या खाली गोवर म्हंजे काय, ते कुठं छापलंय?”

मी म्हणालो, जागा पुरली नाही. त्या उत्तराची मला आजही चीड येते.

शाळेत लातूरहून आलेले एक विज्ञान शिक्षक होते. आठवीला लसीकरणाचा पाठ ते इतका सुरेख शिकवत की मी दाराबाहेर थांबून ऐकत असे. ‘देऊ नये’वर पहिली सही त्यांची आली. त्यांच्या तिसरीतल्या मुलीला लहानपणीही गोवराची लस दिलेली नव्हती. “माझी मुलगी, माझा निर्णय. परीक्षेत मी पुस्तकातले लिहायला सांगतो. घरी मी बाप आहे,” ते मला म्हणाले. सायन्सचे सरच नको म्हणतात म्हटल्यावर बाकीच्यांनी आणखी कोणाला विचारायचे? कागद परत येत गेले आणि दुसरा रकाना भरत गेला. बाई त्यातल्या प्रत्येक घरी गेल्या. पूर्वी उंबऱ्यावर बसू देणारी माणसे आता दारातूनच म्हणत, “गुरुजींच्या कागदावर सही दिलीया की.” बोलणे तिथेच संपे. बाईंचा बसायचा उंबरठाच मी काढून घेतला होता.

सरांची मुलगी लातूरला मामाच्या लग्नाला जाऊन आली. काही दिवसांनी तिचे नाक वाहू लागले, डोळे लाल झाले. पुरळ अजून उठले नव्हते, त्यामुळे सर्दी समजून सरांनी तिला शाळेत पाठवले. मधल्या सुट्टीत ती स्वयंपाकघरात जाऊन खिचडीच्या मावशींच्या नातवाला खेळवत असे. बाळंतपणाला आलेली मावशींची लेक अजून माहेरीच होती आणि बाळ सात महिन्यांचे होते. गोवराची पहिली लस नवव्या महिन्यानंतर. त्याच्या कार्डावरचे तोवरचे सगळे रकाने बाईंनी वेळच्या वेळी भरले होते.

मुलगी आठवड्याभरात बरी झाली. तिच्या वर्गातली मुले आजारी पडली आणि तीही बरी झाली. बाळाचा गोवर छातीत उतरला. त्याला नांदेडला नेले. ते परत आले नाही.

त्यानंतर सरांनी स्वतः निरोप धाडून बाईंना घरी बोलावले. त्यांच्या धाकट्या मुलाला लस द्यायची होती. मीही गेलो. त्या आता काय बोलतात ते मला ऐकायचे होते, खरे तर सरांना ऐकवायचे होते. बाईंनी विचारले, “लेकराला कोन धरतंय?” टोचले. चार गोष्टी सांगितल्या, वदवून घेतल्या आणि निघाल्या. रस्त्यात मी उसळलो. “एक शब्दही बोलला नाहीत? या माणसाला?”

त्यांचा आवाज उतरला. “त्या लेकरापुढं बापाला काय बोलू? आन् सर भ्याले, गुरुजी. शिकलेला मानूसबी भेतो. त्याला माझ्यासंगं बोलू द्यायचं व्हतं. तुम्ही त्याला सही करायला जागा दिली. मला राग तुमचा हाय.”

मी म्हणालो, “बाई, मला माफ करा.”

“मला काय मागता? माझं लेकरू गेलं का?”

पुढच्याच महिन्यात त्यांची बदली उदगीरकडे झाली. निरोप समारंभात विज्ञानाच्या सरांनी आरोग्यसेवेच्या महत्त्वावर भाषण केले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातून टाळी वाजली नाही. बाईंनी शाल घेतली, नारळ घेतला आणि पाच वाजताची बस पकडली.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो. मुलांना वाढण्याआधी मुख्याध्यापकाने खिचडीची चव घेऊन वहीत सही करायची, असा नियम आहे. मावशींनी नेहमीप्रमाणे वाटी पुढे केली. मी ती घेतली नाही. कागद कोणी काढला, रकाने कोणी आखले, त्यावर कोणी सह्या केल्या, सारे मी वर्गात सांगावे तसे क्रमाने सांगितले. शेवटी माफी मागितली.

मावशींनी चुलीचा जाळ बारीक केला.

“सगळ्या मायबापांला कागद दिलता म्हना की,” त्या म्हणाल्या. “ज्याच्या त्याच्या लेकराचं ज्याला त्याला इचारलं. आमच्या लेकराचं आमाला कुनी इचारलंच न्हाई, गुरुजी.”