तीस गळ्यांतला टी-सेट

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये सासूबाईंच्या लग्नातला चिनी मातीचा टी-सेट राहायचा. आम्हीही राहायचो, पण त्याच्या मर्जीने. पांढऱ्यावर निळी फुलं. खुद्द राष्ट्रपती चहाला आले असते तरी त्यांना स्टीलचा पेलाच मिळाला असता. सासूबाई दर वर्षी संक्रांत झाली की दोन दिवसांनी पुण्याहून यायच्या आणि चपला काढायच्या आधी शोकेसपाशी जाऊन कप मोजायच्या.

तेव्हा देशात सगळंच नवीन येत होतं. गुडगावात रात्री शेत असायचं, सकाळी तिथे सातमजली बिल्डिंग. मग मीच का मागे राहू? सरोजिनी नगरातून न फुटणारा डिनर सेट आणला. दुकानदाराने ताट फरशीवर आपटून खात्री दिली होती. शोकेसच्या वरच्या फळीवर ठेवताना तो अख्खा माझ्या हातून निसटला आणि खालच्या फळीवरच्या टी-सेटवर कोसळला. दुकानदार खरा निघाला. ताटांवर ओरखडासुद्धा नव्हता.

सासूबाई यायला आठ दिवस होते.

"चोरी झाली म्हणून सांगू," मी नवऱ्याला म्हटलं. दिल्लीत चोरी झाली म्हटलं की पुण्यात लगेच पटतं.

"बाजूलाच ठेवलेला आपला टेपरेकॉर्डर सोडून कपबशा नेल्या?"

"चहाबाज होता, अहो!"

तुकडे गुपचूप कबाडीवाल्याला द्यायचे, एवढंच काम होतं. पण एकेका तुकड्यावर अख्खं फूल शाबूत! माझे हात शिवशिवले. पकडीने कोपरे तोडले, पाट्यावर घासून कडा गुळगुळीत केल्या, मेलेल्या रेडिओच्या कॉइलमधली तांब्याची तार भोवती वळवली. आठवडाभर आमच्या घरची चटणी कुरकुरीत लागत होती. नवऱ्याने दोनदा मागून घेतली.

तीस पेंडंटं झाली. सासूबाईंच्या गाडीच्या आदल्या दिवशी मी हळदीकुंकू उरकलं आणि तीच वाण म्हणून लुटली. शेजारची पंजाबीण म्हणाली, "भाभीजी, कसम से, इंपोर्टेड लगता है!"

"है ही इंपोर्टेड," मी म्हटलं. पुरावा तीस घरांत वाटून टाकणारा गुन्हेगार अख्ख्या दिल्लीत दुसरा नसेल.

सासूबाई आल्या, रिकाम्या फळीपुढे उभ्या राहिल्या, चोरीची हकीकत ऐकली. "हात झडोत मेल्याचे!" म्हणाल्या. मी हात पदराखाली घेतले.

इतक्यात माझं वाण नेलेल्या, आर. के. पुरमच्या ओळखीच्या वहिनी दारात. "आई आल्या का? वा! आज आमच्याकडे हळदीकुंकू, दोघी नक्की या."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संक्रांतीची हळदीकुंकवं रथसप्तमीपर्यंत चालतात, रोज एकीच्या घरी. आणि दिल्लीतल्या मराठी बायका मोजक्याच, त्यामुळे रोज त्याच.

संध्याकाळी वहिनींच्या हॉलमध्ये जिकडे बघावं तिकडे निळी फुलं. सासूबाई एका गळ्याशी थबकल्या. मग दुसऱ्या. मग चष्मा लावून तिसऱ्या.

"हे कुठून घेतलंत हो?"

"घेतलं कुठलं? तुमच्या सुनेने वाण दिलं की! हाताने केलंय!"

सगळ्या माझं कौतुक करायला लागल्या. सासूबाईंचा हात एका पेंडंटकडे गेला आणि मागे आला. रीतीला त्या पक्क्या; दिलेलं वाण परत मागायचं नसतं. सावकाश माझ्याकडे वळल्या.

"चोर भलताच कामसू होता म्हणायचा."

"हो आई," मी म्हटलं.

"आणि माझं वाण?"

पेंडंटं संपली होती. घरी उरली होती फक्त किटलीची तोटी, ती मेली कशीच घासली जात नव्हती. काळ्या गोफात ओवून तीच दिली. सासूबाईंनी आरशात बघितलं, मान इकडे तिकडे वळवली.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक हळदीकुंकवाला ती वीतभर तोटी छातीवर मिरवत त्या पुढे आणि मी मागे. बायका घेराव घालायच्या. "अय्या, असलं मोठं मला पण करून देशील?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणायच्या, "देईल की. तुमच्या घरी काय आहे फोडण्यासारखं?"