ज्युनिपरच्या कुंडीतलं मीठ

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला बोन्सायचं वेड लागलं. बडनेरा रोडवरच्या नर्सरीतून ज्युनिपरचं, सुरूसारख्या बारीक पानांचं, एक स्वस्तातलं रोप आणलं. बुंध्याशी छान जाड होतं. मार्च संपता संपता ते पिशवीतून काढलं, मुळ्यांचा गुंता सोडवला, अर्ध्याहून जास्त मुळ्या कापल्या आणि रोप उथळ कुंडीत बसवून गच्चीवर ठेवलं.

पंधरा दिवसांनी मुलीच्या बाळंतपणासाठी अकोल्याला जायचं होतं. पाणी घालायला खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला सांगितलं, पण मन साशंक होतं. थोड्याच दिवसांपूर्वी माझ्या कुंड्यांचं गढूळ पाणी तिच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांखाली गेलं होतं आणि तेव्हापासून ती माझ्याशी मोजकंच बोलत होती.

तीन आठवड्यांनी परतले तेव्हा झाड हिरवं होतं. नंतर आठवडाभरातच करडं पडलं, मग तपकिरी. मातीवर पांढरा थर दिसला. बोट लावून चाखलं. खारट!

तशीच खाली गेले. "वहिनी, झाडाला काय टाकत होत्या?"

"पानी. दुसरं काय टाकीन?"

"मातीत मीठ आहे."

"म्हंजे म्या टाकलं?"

मी नाही म्हटलं नाही.

त्यानंतर ती गच्चीवर गेली की मी जिन्यात उभी राहून कानोसा घ्यायचे. स्वतःच्या तुळशीला ती कोणत्या बादलीतलं पाणी घालते, तेही बघायचे. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, काहीतरीच काय!" मला तिचाही राग आला.

शेवटी झाड घेऊन नर्सरीत गेले. तिथल्या माळ्यानं रोप उपसलं. मुळ्या काळ्या पडल्या होत्या, बोटानं ओढताच साल निघून आली. नवी पांढरी मुळी एकही नव्हती.

"एवढ्या मुळ्या कापल्या, अन् त्याबी उन्हाळ्याच्या तोंडावर?" तो म्हणाला. "तुमी अकोल्याले गेल्या तवाच हे गेलं होतं, बाई. मेल्यावरबी महिनाभर हिरवंच दिसते हे."

"आणि मीठ?"

त्यानं आपल्या कुंड्या दाखवल्या. सगळ्यांवर तोच पांढरा थर. "बोरिंगच्या पान्याचा खार हाये. तुमच्या घरीबी बोरिंगच असन."

परतताना मनात आलं, नर्सरीचं रोप खराब नव्हतं हे दाखवायला तर हा असं बोलला नसेल? मग माझीच मला लाज वाटली.

शेजारणीचं दार वाजवलं. "चूक झाली वहिनी. झाड माझ्याच हातून मेलं."

"ऊन लागू नये म्हून म्या त्याच्यावर माही जुनी ओढनी बांधली होती," ती म्हणाली. "तुमी ते इचारलंच नाही." चहाला बसा म्हणाली नाही.

जानेवारीत दुसरं रोप आणलं. या वेळी एका बाजूच्या थोड्याच मुळ्या कापल्या, बाकीच्या पुढच्या वर्षावर ठेवल्या. एप्रिलमध्ये नातवाच्या वाढदिवसाला अकोल्याला निघताना, पाणी घालाल का, असं तिला विचारलं.

"सोबतच न्या ना ताई," ती म्हणाली.

कुंडी मांडीवर घेऊन मी एसटीत बसले.