वाकड्या करंगळीची मूर्ती

धरणात माणसांच्या मूर्ती बुडवायच्या, हे ऐकलं तेव्हा मी त्या बाईंना तोंडावरच सांगितलं, तुमचं डोकं ठिकाणावर नाही. त्या नागपूरच्या मूर्तिकार. दिग्रसजवळच्या आमच्या धरणात सिमेंटच्या सहा मूर्ती ठेवायच्या, त्यांच्यावर शेवाळ धरेल, आडोशाला मासे वाढतील, आणि शहरातली हौशी माणसं पाठीला हवेची टाकी बांधून ते बघायला उतरतील, असा त्यांचा बेत. मासे वाढणार म्हटल्यावर आमच्या मच्छीमार सोसायटीनं लगेच मान डोलावली. मीही सोसायटीतलाच भोई, पण माझी मान काही हलेना.

कापसाची वाईट वर्षं होती ती. कुणी घरी परतलं नाही आणि विहिरीच्या काठावर चप्पल सापडली, की मला बोलावणं यायचं. विहिरीच्या तळाशी डोळे उघडे असले काय नि मिटलेले असले काय, सारखंच. तिथं हातानंच बघायचं असतं. केस लागतात, मग खांदा, मग मनगट. मनगटाला दोर बांधायचा आणि दोन हिसके द्यायचे, वरची माणसं ओढून घेतात. लोक मला धीट म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो. खरं म्हणजे मी फार भ्यायचो. पाण्याला नाही, हाताला काय लागेल त्याला. घरी आलो की राखेनं हात घासत बसायचो.

बाईंना कापूस वेचणाऱ्या बायका घडवायच्या होत्या, त्याही जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढून. सगळ्यांत आधी तयार कोण झाली, तर माझीच बायको. कापसाच्या जिनिंग कारखान्यात काम करताना यंत्राच्या पट्ट्यात सापडून तिची डावी करंगळी वाकडी झाली होती. साच्यात तीही जशीच्या तशी उतरली.

मी घर डोक्यावर घेतलं. "आपल्या मानसाचं रूप कोनी पान्यात बुडवते काय?"

"दुर्गादेवीले नाई बुडवत दरसाल? तिले त वाजतगाजत नेता."

"ते देवी हाय. तू कोन हायेस?"

"मी तुमची बायको. मले सांगा, कायले भेता?"

कशाला भितो ते मी तिला सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच सांगितलं. एक दिवस पाण्यात हात घालीन आणि हाताला आपलंच माणूस लागेल, ही भीती मला कितीतरी वर्षं होती. ती चेष्टेखोर बाई, पण तेव्हा हसली नाही. मला मूर्तीपाशी घेऊन गेली. मूर्तीचा डावा हात बोंड तोडायला पुढे झालेला होता.

"डोये मिटा," ती म्हणाली, आणि माझा हात त्या सिमेंटच्या हातावर ठेवला. "हे वाकडं बोट ध्यानात ठेवा. पान्यात हे लागलं, की समजा सिमीट हाय. मी घरी हाओ."

मूर्ती नेईपर्यंत रोज तिनं माझ्याकडून हे करून घेतलं. मूर्ती बुडवल्या त्या दिवशी मात्र मी धरणावर फिरकलो नाही. मग सोसायटीला स्पष्ट सांगितलं, पाहुण्यांसाठी होडी वल्हवीन, खाली उतरणार नाही. दुधानं तोंड पोळलं, की माणूस ताकही फुंकून पितो.

मासे खरोखरच आले. पाहुणे वर येऊन कौतुक करायचे, त्या पुढे हात केलेल्या बाईभोवती रोहू कसे फिरतात म्हणून. मी वल्हं धुवत बसायचो.

एका सकाळी नागपूरचे दोन डॉक्टर उतरले. वरच्या नाल्यांतून गढूळ पाणी आलं होतं, मी नको म्हणत होतो, त्यांनी ऐकलं नाही. थोड्या वेळानं एकटाच वर आला आणि ओरडू लागला. कुणाचं तरी फाटकं जाळं मूर्तीत अडकलं होतं, त्यात त्याचा मित्र गुंतला होता आणि टाकीतली हवा संपत आली होती. होडीजवळ बुडबुडे येत होते. बघता बघता ते विरळ झाले.

दुसरं कोणी नव्हतं. कमरेला सुरी होती. उडी मारली.

खाली चहासारखं पाणी, मग काळोख. हाताला शेवाळ लागलं, मग खांदा लागला. खांद्यावरून हात पुढे नेला, मनगट लागलं, पंजा लागला. बोटं एकेक करून मोजली. शेवटचं वाकडं होतं.

सिमीट हाय. मी घरी हाओ.

त्या बोटांत जाळं होतं. जाळं धरून हात पुढे सरकवला आणि दुसरं मनगट लागलं. हे मऊ होतं, आणि गार. संपलं, उशीर झाला, असं वाटलं आणि सवयीनं मी कमरेला दोर चाचपू लागलो. तेवढ्यात त्या पंजानं माझा हात गच्च धरला. इतक्या वर्षांत पाण्याखाली मला उलट धरणारा तो पहिलाच हात.

जाळं कसं कापलं, वर कसे आलो, मला आठवत नाही. डॉक्टर काठावर पडून खोकत होता, पाणी ओकत होता. बायको धावत आली तेव्हा माणसं मला समजावत होती, दादा, तो वाचला, आता त्याचा हात सोडा.

मी सोडत नव्हतो.