दहा बोटं, दोन डोळे

गल्लीत तिला नखवाली म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे नखवाली, आणि जुन्या पार्लरमधल्या बायका आपापसात बोलताना सुजवी. पहिली दोन नावं तिला चालत होती. तिसऱ्यापायी तिने सहा वर्षं दात-ओठ खात काढली होती.

ते नाव पडलं कसं, ते आधी सांगायला हवं. हमरस्त्यावरच्या पार्लरमध्ये ती अकरा वर्षं होती. मालकीण म्हणजे मॅडम. मॅडमचं नाव मोठं, पण डोळ्यांचं काम नखवालीचं. कुणाचे डोळे बारीक असोत, खोल असोत, एक लहान एक मोठा असो, ही ब्रश घेऊन बसली की बाई उठताना आरशात दोनदा बघायची. मॅडमना स्वतःच्या डोळ्यांवरसुद्धा सरळ रेघ ओढता येत नसे. आयलायनरची उजवी शेपटी झोकात वर जायची आणि डावी दमल्यासारखी खाली उतरायची. डाव्या डोळ्याखाली तीळ होता, तो त्या रोज पेन्सिलीने गडद करत. पण सांगणार कोण? मालकिणीच्या डोळ्याला वाकडा म्हणणारी नोकरीत राहत नाही.

एके दिवशी एका वकिलांची बायको आली. नखवालीने तिला धुरकट शेड दिली, रेघ ओढली आणि समोरच्या वाटीतला ग्लू घेऊन खोट्या पापण्या चिकटवल्या. संध्याकाळपर्यंत बाईंच्या पापण्या टम्म फुगल्या. दुसऱ्या दिवशी त्या काळा चष्मा लावून दारात उभ्या राहिल्या आणि तो काढला, तेव्हा पार्लरमधले सगळे ड्रायर बंद झाले. लाल, ताणलेल्या पापण्या, मधे नुसती फट. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हिने घरून स्वस्तातला ग्लू आणला होता. मला न विचारता."

"मी नाही आणला," नखवाली म्हणाली. तीनदा म्हणाली, आणि दर वेळी आवाज बारीक होत गेला. चौथ्यांदा म्हणायला हवं होतं, ओरडून म्हणायला हवं होतं, असं तिला पुढची सहा वर्षं वाटत राहिलं. तिची ब्रशची पेटी दाराबाहेर ठेवली गेली. रडली ती एकटी धाकटी. धाकटी म्हणजे पार्लरमधली सगळ्यात लहान मुलगी, नखवालीनेच बोट धरून ब्रश पकडायला शिकवलेली. वर्षभरात ती मॅडमची सून झाली आणि भेटीगाठी संपल्या.

ग्लू कुणाचा होता याबद्दल नखवालीच्या मनात शंका नव्हती. संपत आलेल्या बाटल्या उपड्या करून त्यांतलं शिळंपाकं नव्या बाटलीत ओतायचं, ही मॅडमची जुनी खोड. तिला भरपाई नको होती, नोकरीही नको होती. चार लोकांसमोर मॅडमच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, की चूक हिची नव्हती. तेवढ्यासाठी ती जगाला आग लावायला तयार होती.

"सोड ना आता," नवरा म्हणायचा. तो लिफ्टचा मेकॅनिक.

"लिफ्ट आहे का ही? बटण दाबलं की खाली यायला?"

नवरा पेपर तोंडापुढे धरायचा.

घरी तिने स्वयंपाकघरामागची गॅलरी काचेने बंद करून घेतली. एक टेबल, दोन खुर्च्या, जेल सुकवायचा लॅम्प आणि पांढरा टॉवेल. डोळे करून घ्यायला सुरुवातीला कुणी येईना, दुधाने तोंड पोळलेल्या बायका त्या. म्हणून तिने नखं धरली. सरावाला सासूबाईंची दहा बोटं होतीच. सासूबाई सत्तरीच्या, पण दर आठवड्याला नवी नक्षी. "भांडी घासण्यातून सुटका मिळते, म्हणून बसते हो," असं त्या शेजारणींना सांगत आणि सांगताना हात मुद्दाम हलवत.

नखवालीची एक पद्धत होती. काम झालं की बाईला दोन्ही हात टॉवेलवर ठेवायला लावायची, दहा बोटं चिकटवून, अंगठ्याला अंगठा. मग उठून बाईच्या मागे जायची आणि खांद्यावरून बघायची. कारण नखं रंगवणारी समोर बसते. तिला प्रत्येक चित्र उलटं दिसतं, आणि एका वेळी एकच बोट दिसतं. मॅडम या पद्धतीला हसत. "एवढा वेळ घालवलास तर दिवसात दोनच हात होतील," म्हणत.

हळूहळू बायका वाढल्या, आणि मग तो दुसरा प्रकार सुरू झाला. नखवालीने एखादी नक्षी काढावी आणि आठवड्यात तीच नक्षी मॅडमच्या पार्लरच्या फोटोंत दिसावी, खाली 'आमची नवी कल्पना' असं लिहून. नखवालीकडे धड फोन नव्हता, फोटो टाकायची हौसही नव्हती. ज्याने आधी टाकला त्याचं झालं. वर मॅडम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागल्या, "ती आमच्याकडून हाकललेली, आमचंच बघून करते." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या.

वाट कुठून फुटते ते शोधायला वेळ लागला नाही. दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट नखं हिच्याकडे करायची आणि केस कापायला मॅडमकडे जायची. तिथे मॅडम तिचा हात हातात घेऊन कौतुक करत आणि फोटो काढत, एका हाताचा एक, दुसऱ्याचा दुसरा. बिचारीने हे स्वतःच सांगितलं, मोठ्या अभिमानाने. नखवाली तिला एका शब्दाने बोलली नाही. उलट पुढच्या वेळेची तारीख लिहून दिली. त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं, कारण तिच्या डोक्यात डाव शिजायला लागला होता.

सहा आठवडे तिने सासूबाईंच्या बोटांवर घालवले. चार बोटांच्या चार उंच्या, अंगठा निराळाच, सगळं मोजून तिने एक चित्र दहा तुकड्यांत कापलं. सुटं सुटं बघितलं तर नुसती नक्षी होती. एका नखावर काळी कमान, दुसऱ्यावर गुलाबी धूर, तिसऱ्यावर बारीक काड्या, एकावर एकुलता एक ठिपका. काढायची, पुसायची, परत काढायची. एका दुपारी सासूबाईंनी हात टॉवेलवर ठेवले, बोटं जोडली आणि मान मागे घेतली.

"अगंबाई! ही कोण बया बघतेय माझ्याकडे?"

दहा नखांवरून दोन डोळे बघत होते. डावी शेपटी उतरलेली, उजवी चढलेली, डाव्या डोळ्याखाली तीळ, आणि पापण्या लाल, टम्म सुजलेल्या. ज्याने मॅडमना एकदा जवळून पाहिलंय त्याला नाव सांगायची गरज नव्हती.

"आता बोटं सुटी करा," नखवाली म्हणाली.

सासूबाईंनी केली. नक्षी राहिली, बया गेली. त्या बराच वेळ बोटं उघडमीट करत हसत बसल्या. मग म्हणाल्या, "तू वैर धरलंस तर देवाने त्या माणसाला सांभाळावं."

रिसेप्शनिस्टच्या नखांवर ती नक्षी उतरली तेव्हा हात टॉवेलवर ठेवायला नखवालीने सांगितलं नाही. रोजच्या जगण्यात दहा बोटं कोण चिकटवून बसतं? वेळही तिने हेरून साधली होती. त्याच आठवड्यात रिसेप्शनिस्ट केस कापायला मॅडमकडे जाणार होती, आणि पंधरा दिवसांवर सौंदर्यप्रसाधनांच्या एका कंपनीचा वार्षिक मेळावा होता. शहरातली सगळी पार्लरं तिथे आपापलं काम दाखवत. अकरा वर्षं मॅडमचे ब्रश धरून नखवाली त्या स्टेजच्या कडेला उभी राहिली होती. परीक्षक शेवटी काय करायला सांगतात ते तिला पाठ होतं.

मेळाव्याला ती पाचव्या रांगेत बसली. मॅडम स्टेजवर आल्या, ठेवणीतले कपडे, डोळे स्वतःच्या हातचे. "ही नक्षी माझी स्वतःची. सहा महिने यावर काम केलंय," त्या माइकवर म्हणाल्या. मॉडेल म्हणून सोबत होती सून, म्हणजे आपली धाकटी. नखवालीला हे माहीत नव्हतं. क्षणभर तिला वाईट वाटलं, पोरगी फुकट मधे सापडली. पण ते क्षणभरच.

परीक्षकबाई म्हणाल्या, "दोन्ही हात मखमलीवर ठेवा. बोटं जोडून. दहाही सारखी आहेत का बघू."

वरच्या कॅमेऱ्याने हात टिपले आणि मागच्या मोठ्या पडद्यावर दोन डोळे उघडले. भिंतीएवढे. सुजलेले, लाल. त्याखाली मॅडम उभ्या होत्या, तीच डावी शेपटी, तोच तीळ. मग मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि पाठोपाठ सगळं सभागृह हसायला लागलं. मॅडमनी वळून पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात नकळत आपल्या तिळावर गेला. वकीलीणबाईंची गोष्ट या धंद्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होती. रांगांमधून कुजबुज धावली. "सहा महिने काम केलं म्हणे, आणि स्वतःचेच डोळे ओळखले नाहीत!"

नखवालीला फार आनंद झाला. तिने तो आनंद लपवला नाही. पर्स मांडीवर ठेवून तिने मनसोक्त हसून घेतलं. पण मॅडम एक अक्षर न बोलता स्टेजवरून उतरल्या, आणि घरी येताना तिच्या लक्षात आलं की हवं होतं ते वाक्य अजून मिळालेलंच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गॅलरीच्या दारात धाकटी उभी होती. हात ओढणीत गुंडाळलेले.

"हे काढून द्याल, ताई? पार्लरमध्ये कुणी हात लावायचा नाही, असं सांगितलंय त्यांनी. मला तोंड दाखवू नकोस म्हणाल्या."

नखवालीने खुर्ची दाखवली. मऊ झालेलं जेल थांबत नाही, पुन्हा कडक होतं, म्हणून ती एका वेळी एकच हात घ्यायची. उजव्या हाताच्या पाच बोटांवर रिमूव्हरचा कापूस ठेवून तिने फॉइल गुंडाळलं. वीस मिनिटं बसायचं होतं. धाकटी फॉइलकडे बघत होती.

"तुम्हाला कधी कळलं, ताई?" ती एकदम म्हणाली.

नखवाली 'काय' म्हणणार होती. पण माणसाचा हात हातात घेऊन आयुष्य गेलेली बाई ती. आपण गप्प राहिलं की समोरची बोलते, हे तिला ठाऊक होतं. तिने फॉइलची घडी घट्ट केली.

"मला वाटलं होतं, कुणाला कळणार नाही. पडद्यावर ते डोळे बघितले आणि समजलं, हे माझ्यासाठीच आहे. म्हणून माझ्याच नखांवर." धाकटीचा आवाज फुटला. "नवी बाटली मी उघडी ठेवली होती. घट्ट झाली ती. मॅडम ओरडतील म्हणून टाकायला काढलेल्या बाटलीतला ग्लू मी वाटीत ओतला आणि तुमच्यासमोर ठेवला. त्याच संध्याकाळी वकीलीणबाईंचा फोन आला, तेव्हा मी त्यांना सांगितलं सगळं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, एकीला तर जावं लागणार, आणि ती तू नाहीस. तेव्हा माझं लग्न ठरत होतं ना त्यांच्या घरात." ती डाव्या हाताच्या पाठीने नाक पुसू लागली. "मी खूप रडले होते, ताई. तुम्ही बघितलं होतं."

बघितलं होतं. सहा वर्षं त्या रडण्याची आठवण काढून नखवालीला बरं वाटत आलं होतं, की एक तरी माणूस आपल्यासाठी रडलं. आता तिच्या कानशिलांत आग झाली. त्या वाटीत तिने स्वतःच्या हाताने ब्रश बुडवला होता. जिला ब्रश धरायला शिकवलं, तिनेच ठेवलेल्या वाटीत.

"कळलंच होतं मला," ती म्हणाली. आवाज जराही बारीक झाला नाही.

तिने फॉइल काढलं, सुटलेलं जेल अलगद खरवडलं, नखांना तेल चोळलं. हात काय चुकायचा नाही तिचा, राग कितीही असो. धाकटीने डावा हात पुढे केला.

"तो राहू दे."

"म्हणजे?"

"तू आणि तुझ्या सासूबाई, दोघींनी वकीलीणबाईंच्या घरी जायचं. झालं ते झालं तसं सांगायचं. मग पार्लरमध्ये, गिऱ्हाइकं असताना, परत सांगायचं. त्यानंतर ये."

"त्या नाही हो कबूल होणार!"

"मग नख वाढेल तसं वर सरकत जाईल. पाच-सहा महिन्यांत संपेल."

"दुसरीकडे काढून घेतलं तर?"

"घे की. कुठल्याही पार्लरमध्ये जा, हात पुढे कर आणि हा कुणाचा डोळा ते सांग. घरी ओरबाडू नकोस, पापुद्रा निघतो. शिकवलंय मी तुला."

धाकटी उठली. डावा हात पर्समध्ये खुपसून, चपला उलट्यासुलट्या घालून ती जिना उतरली. तिची पावलं खालच्या दारापर्यंत ऐकू आली. नखवाली टेबल पुसत होती, एकच जागा पुन्हा पुन्हा.

सासूबाई दारात आल्या. म्हातारीचे कान तिखट, सगळं ऐकलेलं.

"म्हणजे इतकी वर्षं भलत्याच बाईला शिव्या घातल्यास गं तू."

"भलत्या नाही," नखवाली म्हणाली. "एकीला घालायच्या राहून गेल्या."