नळ सोडणारा दीनबंधू

दीनबंधू सकाळी मोरीत गेला की नळ पूर्ण सोडायचा. तोंड धुऊन झालं तरी नळ चालूच. पत्र्याआड हा काय करतो, कोण जाणे. आमची जमीन चाकणच्या कंपन्यांत गेली. उरलेल्या तुकड्यावर मी पत्र्याच्या दहा खोल्या बांधल्या, टाकी बांधली. पाण्याची नासाडी मला खपत नाही. मी ओट्यावरून ओरडायचो, "आरं, तुज्या ओडिशात नदी आसंल, हितं टाकी हाय."

"ठीक आहे काका, ठीक." नळ बंद व्हायचा. या माणसाला काहीही विचारा, हेच उत्तर.

तो लोखंडाला पॉलिश मारायचा. शिफ्टवरून आला की पापण्यासुद्धा करड्या. एकदा माझी बायको वारल्यापासून काळा पडलेला तांब्याचा हंडा त्यानं मागून नेला आणि आरशासारखा करून आणला. "काका, तोंड बघा." मी बघितलं, आत नेऊन ठेवला. त्यातलं पाणी मात्र मी त्याला कधी दिलं नाही. भाडेकरूंचा पेला बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. तसंच चालत आलं होतं, मीही चालवलं.

तो आला त्याच साली शेजारच्या खोलीतल्या एका बिहाऱ्याला खोकला लागला. मी त्याचं गठुडं अंगणात आणून ठेवलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दवाखान्यात जा, न्हाईतर गावाला जा. माज्या दारात हे नको." दीनबंधू दारात उभा होता. त्यानंच त्या माणसाचं गठुडं उचलून रस्त्यापर्यंत नेऊन दिलं.

पुढं दीनबंधू वाळत गेला. मी म्हणायचो, "जेवत न्हाईस का रं?" "ठीक आहे काका."

एका सकाळी नळ वाहत राहिला. मी ओरडलो, उत्तर नाही. पत्रा सारला तर तो खाली बसलेला, आणि पाण्यात रक्त.

रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेला. नर्सबाईंनी त्याच्या खिशातलं कार्ड वाचलं, त्यावरच्या निगडीच्या दवाखान्याला फोन लावला. "टीबी आहे, आजोबा. यांनी तिथं पत्ताही निगडीचाच दिलाय. गोळ्या न्यायला येईनात म्हणून त्यांचा माणूस दोनदा त्या पत्त्यावर गेला. या नावाचं कुणीच नाही. गोळ्या पुऱ्या केल्या असत्या तर बरे झाले असते."

इतक्या लांब निगडीला जायचा, आपल्या भागातलं कुणी बघू नये म्हणून. तेवढ्यासाठी शिफ्ट बुडायची. मुकादमानंच मला नंतर सांगितलं, तो त्याला म्हणाला होता, पुन्हा खाडा केलास तर येऊ नकोस. तिथं गोळ्या सुटल्या.

मी त्याच्यावरच डाफरलो. "मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगितला असता तर काका? ठेवला असता?"

चौथ्या दिवशी तो गेला.

आता त्याच्या खोलीत झारखंडचा एक जण राहतो. परवा सकाळी त्याचा नळ फार वेळ वाहत होता. मी पत्र्याजवळ गेलो. म्हणालो, "नळ बंद कर, बाबा. खोकला आसंल तर मोकळा खोक. दवाखान्यात मी येतो संगं. खोली तुजीच हाय."

गठुड्याची गोष्ट खोल्यांत अजून सांगतात.

नळ बंद झाला. मी उभा राहिलो. पत्र्याखालून त्याचे पाय दिसत होते. टाचा थरथरत होत्या, आवाज मात्र नव्हता. मग तो म्हणाला, "खोकला नाही काका. मी ठीक आहे."